पाणी बघ

नरक चतुर्दशीला सूर्योदयाआधी आंघोळ केली नाही तर नरकात जावं लागतं, हे लहानपणापासून ऐकत आले. आंघोळीचं पाणीच तापलं नाही तर त्या हिशेबात कुणाला धरतात, हे मात्र कधी कुणी सांगितलं नव्हतं. एका दिवाळीत पहाटे साडेचारला, अमेरिकेत युटाहमधल्या ब्राइस कॅन्यन नॅशनल पार्कच्या दाराशी, आमच्या ट्रेलरमध्ये, म्हणजे गाडीमागे ओढायच्या फिरत्या घरात, मी नेमकी त्याच प्रश्नासमोर स्वेटर घालून उभी होते. बाहेर उणे पाच. भिंतीवरच्या पॅनेलवर ‘वॉटर हीटर’ लिहिलेल्या बटणाशेजारी मसूरडाळीच्या दाण्याएवढा लाल दिवा. आणि मागे सासूबाई, हातात उटण्याची वाटी.

“तापलं का गं?”

“बघते, आई.”

बघण्यासारखं काही नव्हतं. त्या लाल दिव्याचा अर्थ एकच असतो: हीटरने पेटायचा प्रयत्न केला, जमलं नाही, आता तो रुसून बसला आहे.

आम्ही सॉल्ट लेक सिटीच्या जवळ राहतो. इथे आलेल्या मराठी माणसाच्या आयुष्यात एक टप्पा येतो. घर झालेलं असतं, मुलं जरा मोठी झालेली असतात, आणि कुणाच्या तरी गॅरेजबाहेर उभा असलेला ट्रेलर बघून नवरा म्हणतो, “आपणही घेऊया का एक? जुना बघू.” आमचाही जुनाच होता. बावीस फुटी, आधीच्या मालकाच्या कुत्र्याचा वास असलेला. त्यात पलंग, तीन बर्नरची शेगडी, फ्रिज, संडास आणि एक मोरी. मोरीच म्हणते मी, शॉवर म्हणवत नाही. आत उभं राहून साबण पडला तर तो उचलायला दार उघडावं लागतं.

ट्रेलर चालवणं आणि ओढणं नवऱ्याकडे, यंत्रं माझ्याकडे, अशी वाटणी आपोआप झाली. मला स्क्रू ड्रायव्हर हातात धरायला आवडतं आणि त्याला मॅन्युअल वाचायला आवडत नाही. त्यामुळे हीटरशी माझी ओळख झाली. ओळख म्हणजे, आधी मी त्याला जाळलं.

ते असं झालं. आमच्याकडे हिवाळ्यात पाणी गोठतं, म्हणून ऑक्टोबर-नोव्हेंबरात ट्रेलरचं सगळं पाणी काढून नळ्यांमध्ये गुलाबी रंगाचं अँटिफ्रीझ भरून ठेवायचं असतं. हीटरची टाकी सहा गॅलनची, म्हणजे जवळपास २३ लिटरची. ती अँटिफ्रीझने भरत बसायची गरज नाही. टाकी रिकामी करायची आणि पलंगाखालचे तीन छोटे व्हॉल्व्ह फिरवून तिला वळसा घालायचा. मग नळीतून येणारं पाणी टाकीत न शिरता सरळ गरम पाण्याच्या नळाकडे निघून जातं. वसंतात ते व्हॉल्व्ह परत फिरवले की टाकी भरते.

मी एप्रिलमध्ये पाणी जोडलं, गरम पाण्याचा नळ उघडला, धो धो पाणी आलं. म्हटलं, झालं. विजेचं बटण दाबलं. व्हॉल्व्ह वळशावरच होते. नळाला पाणी येत होतं ते टाकीला डावलून, टाकी ठणठणीत कोरडी, आणि तिच्यात १४४० वॉटचा रॉड हवेत तापत होता. पाण्यात बुडवलेला रॉड वर्षानुवर्षं टिकतो, कोरडा काही मिनिटांत जातो. आपल्याकडे बादलीत सोडायचा हीटर चालू ठेवून बादलीबाहेर काढला तर जे होतं तेच हे. फरक इतकाच की इथे तो डोळ्यांना दिसत नाही.

नवा रॉड मी लगेच मागवला. महागही नव्हता. पण तो बसवायला दीड इंची पाना लागतो, तो घरात नव्हता. मग पानाही आणला. मग उन्हाळा आला आणि गॅसवर पाणी उत्तम तापत होतं. हा हीटर दोन्हीवर चालतो, प्रोपेनवरही आणि विजेवरही, त्यामुळे एक बाजू लुळी असली तरी कुणाच्या लक्षात येत नाही. रॉड आणि पाना स्वयंपाकघरातल्या ड्रॉवरमध्ये शेजारी शेजारी पडून राहिले, लग्न ठरलेलं असून मुहूर्त न निघालेल्या जोडप्यासारखे. नवऱ्याला मी “जुनं झालं होतं, गेलं” एवढंच सांगितलं होतं. खरं काय ते आज इथे पहिल्यांदा लिहिते आहे.

तर त्या पहाटे वीज होती, कॅम्पग्राऊंडवर खांबाला प्लग लावलेला होता, आणि विजेचा मला काडीचा उपयोग नव्हता.

“मग चुलीवर ठेव पाणी,” आई म्हणाल्या. “त्यात काय एवढं?”

खरंच, त्यात काय एवढं. मी शेगडी पेटवली. तिन्ही बर्नर पहिल्याच काडीला लागले, निळेशार. एकावर कुकरचं भांडं, एकावर मोठं पातेलं, एकावर चहा (आमचा, आईंचा नव्हे). साडेतीन लिटर उकळतं पाणी आणि बाकी गार घातलं की माणशी दहा लिटर छान कढत पाणी होतं. आईंनी येतानाच बादली आणि तांब्या घ्यायला लावला होता. “त्या फवाऱ्याखाली मला आंघोळ झाल्यासारखी वाटत नाही,” हे त्यांचं मत आल्या दिवसापासून होतं. मी मनातल्या मनात हसले होते. आता हिशेब केला तर लक्षात आलं की ट्रेलरमध्ये राहायची खरी पद्धत त्यांचीच आहे. शॉवरमधून मिनिटाला सात-साडेसात लिटर पाणी जातं. हीटरची टाकी पूर्ण तापली तरी गार पाणी मिसळून साधारण ३५ लिटर आंघोळीजोगं पाणी मिळतं, म्हणजे पाच मिनिटांचाही शॉवर नाही. आमचे चिरंजीव तेवढ्या वेळात डोकं ओलं करतात. बादलीने मात्र तेवढ्याच पाण्यात तिघं निघतात.

आणि वेळेची घाई तरी कुठे होती? ऑक्टोबरच्या शेवटी तिथे सूर्य साडेसात उलटल्यावर उगवतो. हे मला माहीत होतं, मी आदल्या रात्री सांगितलंही होतं. पण आई चारला उठल्याच, आणि त्या उठल्यावर बावीस फुटांत दुसरं कुणी झोपू शकत नाही.

एकेक करून सगळ्यांना तेल, उटणं लागलं. नवऱ्याची आंघोळ चालू असताना बाहेर मुलाने एक फुलबाजी लावू का म्हणून विचारलं. कोरडं जंगल, कॅम्पग्राऊंडचे नियम, मी साफ नाही म्हटलं. त्याची भरपाई आईंनी केली. कारीट तिथे कुठून मिळणार? त्यांनी फ्रिजमधला चेरी टोमॅटो काढला, दाराच्या पायरीवर ठेवला आणि नातवाला म्हणाल्या, “हाण टाच. आणि गोविंदा म्हण.” नरकासुराचा तो असा गोड शेवट बहुधा पहिल्यांदाच झाला असेल. पायरीवरचा रस मिनिटाभरात गोठला.

उजाडल्यावर मी हीटरकडे वळले.

एक गोष्ट शेगडीने आधीच सांगून टाकली होती. तीन बर्नर व्यवस्थित पेटतात म्हणजे सिलिंडरमध्ये गॅस आहे, रेग्युलेटर ठीक आहे, नळीत हवा अडकलेली नाही. थंडीचाही दोष नाही, कारण प्रोपेन उणे ४२ अंशांपर्यंत वायूच राहतो. ट्रेलरमध्ये काही पेटेनासं झालं तर आधी शेगडी लावून बघावी, हा नियम कुणी शिकवला नाही, पण त्याने माझे कितीतरी तास वाचवले आहेत. दोष हीटरमध्येच होता.

हीटरचं तोंड ट्रेलरच्या बाहेरच्या अंगाला असतं, जाळीदार दाराआड. मी दार उघडायला गेले तर वरच्या कडेला काळं. बोटाला काजळी लागली. आई शाल गुंडाळून मागे येऊन उभ्या राहिल्या होत्या.

“बंबच आहे की हा,” त्या म्हणाल्या.

बंब म्हणजे काय, ते आता सांगावं लागतं. आमच्या पिढीत निम्म्यांनी तो फक्त दिवाणखान्यात शोभेला ठेवलेला पाहिला आहे. तांब्याचं पिंप. मधून उभी नळी आरपार, तिच्या तळाशी लोखंडी जाळी, जाळीखाली राख पडायला जागा. नळीत गोवऱ्या, करवंट्या, ढलप्या, बोरूच्या काड्या, हाताला येईल ते टाकायचं आणि पेटवायचं. पाणी नळीच्या भोवती. जाळ पाण्याच्या पोटातून जातो, म्हणून वाया फारसा जात नाही. वर एक नरसाळं असतं, त्याचं टोक आत तळापर्यंत गेलेलं. त्यात तांब्याभर गार ओतलं की तोटीतून तांब्याभर गरम बाहेर येतं. गार खाली, गरम वर, आणि घेशील तेवढं घाल, असा तो व्यवहार. आईंच्या माहेरी, मिरजेजवळच्या गावात, मोठं खटलं होतं. बंब पहाटे चारला पेटायचा आणि शेवटच्या आंघोळीपर्यंत विझायचा नाही. तो पेटवायचं काम लग्नाआधी आठ वर्षं त्यांच्याकडे होतं.

मी दार पूर्ण उघडलं आणि आईंनी बोट दाखवून विचारलं, “ही नळी आत जाते ती परत येते का?”

येते. तीच तर गंमत. खालच्या तोंडातून ज्योत टाकीच्या पोटात शिरते, आत वळसा घेते, आणि वरच्या तोंडातून धूर बाहेर टाकते. मोठी यू आकाराची नळी, भोवती पाणी. गार पाणी तळाशी शिरतं, गरम वरून निघतं. नरसाळ्याऐवजी पंप आणि गोवरीऐवजी प्रोपेन. यंत्र तेच, फक्त आडवं पाडलेलं आणि त्याच्या शेपटीला एक इलेक्ट्रॉनिक बोर्ड बांधलेला. चार वर्षं ते दार मी उघडत-मिटत होते. सासूबाईंच्या माहेरच्या न्हाणीघरातली वस्तू आपण बघतो आहोत, हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

बोर्डाचं काम फारसं गुंतागुंतीचं नाही. बटण दाबलं की ते बारा व्होल्टवर गॅसचा व्हॉल्व्ह उघडतं आणि इलेक्ट्रोडवर ठिणग्या पाडतं. टक् टक् टक् टक्. मग तोच इलेक्ट्रोड ज्योत लागली का ते तपासतो, कारण ज्योतीतून बारीकसा प्रवाह वाहतो. काही सेकंदांत ज्योत जाणवली नाही तर व्हॉल्व्ह बंद, म्हणजे न जळलेला गॅस साचायला नको. आमचं बोर्ड असं तीनदा करतं आणि मग लाल दिवा लावून बसतं. बटण बंद करून परत चालू केलं की पुन्हा तीन संधी. देवाच्या दारातही इतकी उदार व्यवस्था नाही.

मी नवऱ्याला आत बटणाशी उभं केलं आणि स्वतः बाहेर, जरा बाजूला. समोर तोंड घेऊन बसायचं नाही, हे कुणी सांगायची गरज पडत नाही. एकदा ‘धप्प’ आवाज ऐकला की माणूस आपोआप बाजूला होतो.

“दाब!”

टक् टक् टक्. धप्प. पिवळी, आळशी, लांबलचक जीभ बाहेर आली, वळवळली आणि विझली. पुन्हा टक् टक्.

म्हणजे गॅस येतो आहे, ठिणगी पडते आहे. हवा कमी पडते आहे. ज्योत निळी, आवाज करणारी, नळीच्या आत खेचलेली असायला हवी. पिवळी ज्योत म्हणजे गॅस जास्त, हवा कमी, आणि काजळी हा तिचा कालच्या रात्रीपासूनचा जबाब. आदल्या संध्याकाळीही तो दोन प्रयत्नांत पेटला होता, मी दुर्लक्ष केलं होतं. घरी असं कधी झालं नव्हतं. पण घर चार हजार फुटांवर आहे आणि हे ठिकाण साडेसात हजारांच्या वर. इतक्या उंचीवर हवाच विरळ. खाली जे कसंबसं निभत होतं ते वर आल्यावर उघडं पडलं. माणसांचंही होतं तसं. आदल्या दिवशी जिना चढताना नवऱ्याला जी धाप लागली ती मी इथे मोजत नाही.

“राखेने जाळी गच्च झाली असेल,” आई म्हणाल्या.

“याला राख नसते हो आई.”

“मग जाळं असेल.”

हे त्या सहज बोलल्या की त्यांना माहीत होतं, ते मला अजून कळलेलं नाही. नंतर विचारलं तर म्हणाल्या, कुठल्याही भोकात दोनच गोष्टी असतात.

सिलिंडरची चावी बंद केली, बारा व्होल्टचं बटण बंद केलं, मगच स्क्रूला हात लावला. बर्नरची नळी सुटी करून बाहेर काढली आणि सूर्याकडे धरून आत पाहिलं. आरपार दिसायला हवं होतं. दिसलं ते धुक्यासारखं पांढुरकं काहीतरी. मुलाच्या चित्रकलेच्या डब्यातली केसाळ तार मागवली (तो तिची माकडं करतो), ती आत फिरवून ओढली तर टोकाला करवंदाएवढा जाळ्याचा गोळा आणि त्यात एक वाळलेली, पाय दुमडलेली कोळीण. कोळ्यांना प्रोपेनला मुद्दाम घातलेला तो कुजका वास आवडतो म्हणतात. आवडत असो नसो, ज्याचा ट्रेलर महिनाभर उभा राहिला त्याने बर्नरमध्ये डोकावल्याखेरीज काडी लावू नये. कधी कोळी, कधी मातीचं घर करणारी गांधीलमाशी.

आता पुढचं बारीक छिद्र राहिलं, ज्यातून गॅस फुटतो ते. आईंनी लगेच विचारलं, “पिन आहे का? स्टोव्हची?”

त्या प्रश्नासरशी मला आमच्या घरातला पितळी स्टोव्ह, त्याचा भर्रर्र आवाज आणि दिव्यापाशी खुंटीला अडकवलेली ती पत्र्याची पिन दिसली. पण इथे पिन चालत नाही. स्टोव्हची पिन त्याच्या निपलच्या मापाची असते. इथलं छिद्र ठरावीक मापाने पाडलेलं, त्यात तार किंवा टाचणी घातली तर ते केसभर मोठं होतं आणि मग ज्योत कायमची पिवळी. मी ते फुंकून, कापडाने पुसून ठेवलं. आईंना पटलं नाही. “आमचा स्टोव्ह चाळीस वर्षं चालला,” एवढं बोलून त्या आत गेल्या. इलेक्ट्रोडचं टोक वाळूच्या कागदाने हलकं घासलं, बर्नरपासून तीनेक मिलिमीटर अंतर ठेवलं, नळी परत बसवली, स्क्रू आवळला.

“दाब!”

टक् टक् टक्, फुर्रर्र. निळी. आत खेचलेली. सुरात. तो आवाज एकदा कानात बसला की पलंगावर पडल्या पडल्या, डोळे मिटूनही कळतं की पाणी तापतं आहे.

पंचवीस मिनिटांत टाकी तापली, थर्मोस्टॅटने ५४ अंशांना गॅस तोडला. तापलेल्या पाण्याने चौघांपैकी कुणालाही आंघोळ करायची नव्हती. मी भांडी घासली.

भांडी घासताना बाहेरून मुलाची हाक आली, “आई, लीक!” दाराआडच्या पितळी व्हॉल्व्हच्या तोंडातून थेंब थेंब पाणी. इथे बहुतेक लोक घाबरतात, आणि मीही पहिल्यांदा घाबरले होते. तो व्हॉल्व्ह सुरक्षेसाठी असतो. पाणी ९९ अंशांना पोचलं किंवा दाब १५० पीएसआयवर गेला तर तो उघडून टाकी फुटू देत नाही. पाणी तापलं की फुगतं, त्याला जागा हवी, म्हणून टाकीच्या माथ्याशी हवेचा एक बुडबुडा ठेवलेला असतो. दिवस जातात तशी ती हवा पाण्यात विरून जाते. मग फुगणाऱ्या पाण्याला जायला जागा हीच. त्यामुळे हा थेंब बिघाड नसतो, तक्रार असते. हीटर बंद करून पाणी गार होऊ द्यायचं, येणारं पाणी बंद करायचं, गरम पाण्याचा एक नळ उघडायचा, व्हॉल्व्हचा दांडा वर करून वाहणं थांबेपर्यंत धरायचा आणि सोडून द्यायचा. बुडबुडा परत येतो. त्याला बूच मारायचं मात्र कधीही नाही. मी तसं करणारा एक महाभाग पाहिला आहे, कॅम्पग्राऊंडवर शेजारीच होता, आम्ही जागा बदलून घेतली.

मी हे सगळं मुलाला समजावून परत आत गेले. दहा मिनिटांनी बाहेर आले तर थेंबांखाली तांब्या ठेवलेला होता, अर्धा भरलेला. आईंनी. “गरम पाणी आहे, वाया कशाला घालवायचं?”

नंतर आम्ही कड्यावर गेलो. ब्राइस कॅन्यन ज्याच्या नावाने ओळखलं जातं तो एबेनेझर ब्राइस इथे गुरं राखायचा, आणि “गाय हरवायला फार वाईट जागा” असं तो म्हणाल्याची गोष्ट इथे सगळे सांगतात. खाली हजारो लाल-नारिंगी सुळके, एकमेकांना खेटून, यात्रेच्या गर्दीसारखे. आईंना ही गोष्ट सांगितली तर त्या कठड्याला धरून बराच वेळ खाली बघत राहिल्या आणि म्हणाल्या, “पण गाय सोडलीच कशाला होती इकडं?” हे सुळके पाण्याने घडवले आहेत. दिवसा बर्फ वितळून फटींत शिरतं, रात्री गोठतं, गोठताना नऊ टक्के फुगतं आणि खडक फोडतं. वर्षातले जवळजवळ निम्मे दिवस तिथे असं वितळणं-गोठणं चालतं. मी ते वाचताना आमच्या टाकीचाच विचार करत होते. परत आल्यावर पहिलं काम म्हणून पाण्याचा बाहेरचा पाइप सोडवून ट्रेलरची स्वतःची टाकी भरून घेतली. खडकाचं काय व्हायचं ते होवो.

त्या रात्री अंथरुणात पडल्यावर मी आईंना एप्रिलची गोष्ट सांगितली. रॉड कसा जळला ते. नवरा घोरत होता, नाहीतर सांगितली नसती. वाटलं होतं हसतील. त्या गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, मीही केलंय. कोरडा बंब पेटवला होता. चौदा वर्षांची होते. रात्री कुणीतरी बंब रिकामा करून तसाच ठेवला, पहाटे अंधारात मी न बघता जाळ केला. बंबाचे डाग दिलेले जोड सुटले, शिवण उकलली. तांबटाकडे न्यावा लागला. वडील काही बोलले नाहीत, तेच वाईट. पण त्यानंतर मी आधी नरसाळ्यात तांब्या ओतून बघायचे. तोटीतून पाणी आलं तरच काडी.

“मग मला सकाळी का नाही सांगितलंत?”

“तू विचारलंस कुठं?”

दुसऱ्या दिवशी निघायच्या आधी मी ट्रेलरचं आवरत होते तेव्हा त्यांनी माझ्याकडून पांढरी चिकटपट्टी आणि काळं मार्कर मागून घेतलं. घरी पोचल्यावर दिसलं. पॅनेलवर, विजेच्या बटणाच्या बरोबर वर, त्यांच्या त्या शाळामास्तरी वळणदार अक्षरात दोन शब्द: पाणी बघ.

रॉड मी त्या हिवाळ्यात बसवला. अर्ध्या तासाचं काम होतं.

ट्रेलर गेल्या वर्षी विकला. मुलगा कॉलेजात गेला, आईंना आता इतका प्रवास झेपत नाही. घ्यायला आलेला माणूस निवृत्त होता, नीट, सगळं लिहून घेणारा. मी त्याला पलंगाखालचे व्हॉल्व्ह दाखवले, बर्नरमध्ये डोकावायला शिकवलं, मॅग्नेशियमचा ॲनोड रॉड काढून दाखवला. टाकीऐवजी स्वतः गंजण्यासाठीच तो असतो, आणि चघळून टाकलेल्या उसासारखा झाला की बदलायचा. पाण्याला काळ्या मिठासारखा वास आला तर घाबरू नको, टाकी धुऊन काढ, हेही सांगितलं. मग तो पॅनेलपाशी आला आणि पट्टीकडे बघून थांबला. फोन काढला, कॅमेरा धरला, भाषांतर करून घेतलं.

“पाण्याकडे पाहा,” त्याने वाचून दाखवलं, हळूहळू, आदराने. “सुंदर आहे. ध्यानधारणेतलं आहे का हे?”

मी म्हटलं, नाही, हीटरचं आहे.